निरोप पोचला नाही, हे सांगायचं कुणी? डेस्कटॉप सॉफ्टवेअर आणि मराठी टायपिंग

(राधानगरी इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजच्या विषयाचं नाव जरा रुक्ष आहे. एकाच संगणकावर चालणारे दोन प्रोग्रॅम एकमेकांशी कसे बोलतात, एकाला दुसऱ्याची गरज कुठं लागते, आणि तेच सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्ही ठिकाणी चालवायचं म्हटलं की या गरजेचं काय होतं. याला इंटर-प्रोसेस कम्युनिकेशन म्हणतात, थोडक्यात आयपीसी. पुस्तकात हा विषय पाइप, सॉकेट, शेअर्ड मेमरी असा सुरू होतो. मी तसा सुरू करणार नाही. आपल्याला रोज भेटणारं याचं उदाहरण म्हणजे मराठी टायपिंग. आज सगळी चर्चा त्याच वाटेनं करू.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. हे व्याख्यान नुसतं माहितीचं नाही, ही समीक्षा आहे. नाटकाची होते, पुस्तकाची होते, तशी सॉफ्टवेअरच्या रचनेचीही व्हायला हवी. आपण सॉफ्टवेअरबद्दल ‘चालतंय’ किंवा ‘चालत नाही’ एवढंच बोलतो. ते का तसं रचलं, ते रचणाऱ्यानं कुणाचा विचार केला आणि कुणाचा केला नाही, हे विचारत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. टायपिंगचं काम वेगळ्या प्रोग्रॅमकडे सोपवलं, हा निर्णय बरोबर होता. पण ते सोपवलेलं आहे ही गोष्ट झाकून ठेवली, आणि मधला दुवा तुटला तर गप्प बसायचं ठरवलं, हे चुकलं. या चुकीची किंमत इंग्रजीत लिहिणारा माणूस देत नाही. आपण देतो.

आता लक्षण बघा. लिनक्सचा संगणक आहे. पडद्याच्या कोपऱ्यात मराठी कीबोर्डची खूण दिसते आहे. पत्र लिहायच्या प्रोग्रॅममध्ये मराठी उमटतं, ब्राउझरमध्ये उमटतं. मग काल नव्यानं उतरवून घेतलेला तिसरा प्रोग्रॅम उघडला, आणि तिथं तेच बटण दाबलं की इंग्रजी ‘के’ उमटतो. एरर नाही, सूचना नाही, काही नाही. कोपऱ्यातली खूण मराठीच दाखवते आहे. बसलेला माणूस काय समजतो? ‘या सॉफ्टवेअरला मराठी येत नाही.’ पण तसं नसतं. दुसरीकडचा मराठी मजकूर तिथं आणून चिकटवला, तर तो व्यवस्थित दिसतो. वेलांट्या, जोडाक्षरं, सगळं जागेवर. म्हणजे त्या प्रोग्रॅमला मराठी दाखवता येतं, साठवता येतं. फक्त घेता येत नाही. बटणापासून अक्षरापर्यंतच्या वाटेवर कुठंतरी निरोप अडकलाय.

ती वाट कशी आहे? इंग्रजीसाठी ती सरळ आहे. बटण दाबलं, त्याचा क्रमांक पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे गेला, तिथल्या तक्त्यात बघून अक्षर ठरलं, ते खिडकीत आलं. मराठी फोनेटिक कीबोर्डला एवढं पुरत नाही. ‘के’ दाबला तर क. पण पुढं लगेच ‘एच’ आला तर तो क काढून ख करायचा. म्हणजे आधी काय दाबलं होतं हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. ते काम करणारा जो भाग असतो, त्याला इनपुट मेथड इंजिन म्हणतात. लिनक्सवर आज जे सर्रास वापरलं जातं त्याचं नाव आयबस, म्हणजे इंटेलिजंट इनपुट बस. तुम्ही ज्या खिडकीत लिहिता, तो प्रोग्रॅम प्रत्येक बटण या आयबसकडे पाठवतो. आयबस ते मराठीच्या इंजिनकडे देतं. इंजिन उत्तर देतं, ‘अजून ठरलं नाही, तात्पुरतं क दाखव’ किंवा ‘ठरलं, ख घे’. ते उत्तर परत तुमच्या खिडकीत येतं. तुम्ही ‘खडकवासला’ लिहिलं, तर हा हेलपाटा प्रत्येक बटणामागं झालेला असतो. इतका झपाट्यानं, की कळत नाही. जोवर मधला निरोप्या जागेवर आहे, तोवर.

साहजिक प्रश्न असा, की एवढी यातायात कशाला? इंजिन त्या प्रोग्रॅमच्या आतच का बसवलं नाही? तर बसवून पाहिलं होतं. आयबसच्या आधी लिनक्सवर स्किम नावाची व्यवस्था होती. ती सी++ मध्ये लिहिलेली होती आणि तिचा एक तुकडा थेट प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात जाऊन बसायचा. आता तो प्रोग्रॅम सी++ च्या एका आवृत्तीच्या लायब्ररीवर बांधलेला, आणि हा पाहुणा दुसऱ्या आवृत्तीवर, असं झालं की दोघांचं भांडण व्हायचं आणि प्रोग्रॅमच कोसळायचा. मग स्किम-ब्रिज निघालं. पोटात फक्त एक छोटा, साधा तुकडा ठेवायचा, आणि खरं काम बाहेरच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये करायचं. तीच कल्पना आयबसनं पायापासून घेतली. २००९ मध्ये फेडोरा ११ आलं तेव्हा त्यात स्किमच्या जागी आयबस आलं. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, सोपवण्याचा निर्णय बरोबर होता. इंजिन कोसळलं तरी तुमचं लिहिलेलं पत्र कोसळत नाही. हा फायदा लहान नाही.

आयबस ज्या भाषेत बोलतं, ती डी-बस. हिचाही थोडा इतिहास सांगतो, कारण पुढची टीका त्यावर उभी आहे. लिनक्सवर दोन मोठे डेस्कटॉप, नोम आणि केडीई. नोमची निरोपांची पद्धत कोर्बावर आधारलेली, केडीईची स्वतःची डीकॉप. एकीकडचा प्रोग्रॅम दुसरीकडच्याशी धड बोलू शकत नव्हता. २००२ च्या सुमारास रेड हॅटमधल्या हॅवॉक पेनिंग्टन, अलेक्झांडर लार्सन आणि अँडर्स कार्लसन यांनी डी-बस सुरू केली. २००६ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४ आलं तेव्हा त्यांनी आपली डीकॉप सोडून डी-बस घेतली. दोन घरांनी मिळून एक पोस्ट ऑफिस मान्य केलं म्हणा. ही खरोखर मोठी गोष्ट होती, आणि समीक्षा करताना तिचं श्रेय द्यायला हवं.

पण हे पोस्ट ऑफिस एकाच गावात आहे, आणि गावं तर तीन आहेत.

विंडोजवर इनपुट मेथडची रचना वेगळी. तिथं टेक्स्ट सर्व्हिसेस फ्रेमवर्क आहे आणि त्यात इंजिनचा तुकडा पुन्हा प्रोग्रॅमच्या पोटात जातो. म्हणून ३२-बिट प्रोग्रॅमसाठी एक तुकडा, ६४-बिटसाठी दुसरा, असा दोन्हीकडे तयार ठेवावा लागतो. मॅकवर २००७ पासून इनपुट मेथड किट आहे. तिथं इंजिन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं, पण निरोपाची व्यवस्था ॲपलची स्वतःची आणि ती सिस्टिमचाच भाग. लिनक्सवर इंजिन वेगळ्या प्रोसेसमध्ये, आणि निरोप डी-बसवरून. तीन गावं, तीन पद्धती.

मग क्यूटीसारखं टूलकिट येतं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सांगतं: तू काळजी करू नकोस, तू एकदाच लिही, तिन्हीकडची तजवीज मी करतो. आतमध्ये ‘इनपुट कॉन्टेक्स्ट’ नावाचा एक दरवाजा ठेवलेला असतो आणि त्यामागं ज्या त्या गावाचा निरोप्या. लिहिणारा खूश. त्याला आयबस हे नावही माहीत असायची गरज नाही. क्रॉस-प्लॅटफॉर्म सॉफ्टवेअरचं सगळं सौंदर्य इथं आहे, आणि माझी तक्रारही इथंच सुरू होते. ज्याचं नावच माहीत नाही, ते हरवलंय हे लिहिणाऱ्याला कळणार कसं?

ते हरवतं कुठं कुठं, ते मोजून सांगतो.

पहिली जागा, बांधणीची. क्यूटीमध्ये आयबससाठीचा तुकडा डी-बसच्या सोयीवर अवलंबून आहे. कुणी क्यूटी बांधताना ‘डी-बस नको, उगाच एक डिपेंडन्सी कमी’ म्हणून ती सोय बंद केली, तर आयबसचा तुकडा बांधलाच जात नाही. बांधणी यशस्वी होते. प्रोग्रॅम सुरू होतो. लिहिणाऱ्यानं इंग्रजीत दोन ओळी लिहून पाहिल्या, चाललं, सोडून दिलं. मराठी त्या दिवशीच गेली, आणि ज्यानं ती घालवली त्याला पत्ता नाही.

दुसरी जागा, गाठोड्याची. आजकाल प्रोग्रॅमसोबत त्याच्या सगळ्या लायब्ररी एकत्र बांधून देतात, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालावा. चांगली सोय आहे. पण त्या गाठोड्यात स्वतःचं क्यूटी असतं, ते तुमच्या संगणकावरचे तुकडे वापरत नाही. गाठोडं बांधणाऱ्यानं इनपुटचा तुकडा आत टाकला नसेल, तर संगणकावर आयबस कितीही ठणठणीत चालू असू दे, त्या खिडकीला ते दिसत नाही. चिनी आणि जपानी लिहिणाऱ्यांना याचा आपल्याहून जास्त त्रास झालाय. त्यांच्याकडे एफसिटिक्स ही व्यवस्था लोकप्रिय आहे आणि तिचा तुकडा क्यूटीच्या मूळ संचात नसतोच.

तिसरी जागा, खुणेच्या शब्दांची. कुठला निरोप्या वापरायचा हे प्रोग्रॅमला कळावं म्हणून लिनक्सवर वर्षानुवर्षं तीन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरात आहेत. एक जीटीकेसाठी, एक क्यूटीसाठी, एक जुन्या एक्स विंडोच्या पद्धतीसाठी. प्रोग्रॅम नेहमीच्या मेनूतून उघडला तर ती मिळतात. दुसऱ्या एखाद्या स्क्रिप्टमधून उघडला तर मिळतीलच असं नाही. आयबसचा पत्ताही वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलीत लिहिलेला असतो. तोच प्रोग्रॅम ॲडमिनच्या अधिकारानं चालवला, तर तो ॲडमिनच्या होममध्ये पत्ता शोधतो, आणि तिथं तो नसतो. कालपर्यंत मराठी येत होती, आज तोच प्रोग्रॅम जरा वेगळ्या दारानं उघडला आणि मराठी गेली, याचं कारण बहुतेकदा हे.

चौथी जागा, कुंपणाची. फ्लॅटपॅक प्रोग्रॅमला कुंपणात ठेवतं. त्यानं इतर प्रोग्रॅमशी वाटेल तसं बोलू नये म्हणून. सुरक्षेच्या दृष्टीनं योग्यच आहे. गंमत म्हणजे फ्लॅटपॅकची सुरुवात करणारेही अलेक्झांडर लार्सनच, डी-बसवाले. पण कुंपण घातलं की आयबसचा रस्ताही अडतो. म्हणून आयबसला खास पोर्टल काढावं लागलं, म्हणजे कुंपणातली एक खिडकी, जिच्यातून फक्त टायपिंगचे निरोप जातील. मला हा भाग फार आवडतो. इथं कुणीतरी डिपेंडन्सी नाकारली नाही, लपवलीही नाही. तिला नाव दिलं आणि तिच्यापुरती वाट ठेवली. या विषयात मी बघितलेलं हे सगळ्यांत प्रामाणिक काम आहे.

पाचवी जागा, बोलीची. वेलँड ही पडद्याची नवी व्यवस्था आली. तिच्यात प्रोग्रॅमनं थेट आयबसशी बोलायची गरज राहत नाही. प्रोग्रॅम पडदा सांभाळणाऱ्या कंपोझिटरशी बोलतो, कंपोझिटर आयबसशी. कल्पना चांगली. पण या बोलीच्याही आवृत्त्या झाल्या. क्रोमियमनं आधी पहिली आवृत्ती शिकून घेतली. नोमचा कंपोझिटर म्युटर, तो तिसरीच बोलतो. दोघं समोरासमोर उभे, दोघांनाही इनपुट मेथड येते, आणि बोलणं होत नाही. क्रोमियमनं नंतर तिसरीही घेतली, पण बराच काळ ही सोय एका वेगळ्या फ्लॅगमागं बंद होती. क्रोमियमवर बांधलेली इलेक्ट्रॉनची सगळी ॲप्सही त्याच रांगेत आली. गप्पांची, नोंदींची, कोड लिहायची, किती म्हणून सांगू.

आता या पाचही ठिकाणी एक गोष्ट समान आहे, आणि समीक्षेचा मुद्दा ती आहे. दुवा तुटला की प्रोग्रॅम मुकाट्यानं इंग्रजीवर येतो. प्रिंटर सापडला नाही तर तोच प्रोग्रॅम चौकट उघडून सांगतो. इंटरनेट नसलं तर सांगतो. पण ‘मराठी कीबोर्ड निवडलेला आहे आणि मला त्याच्या इंजिनपर्यंत पोचता येत नाही’ हे वाक्य मी कुठल्याही प्रोग्रॅमनं दाखवलेलं पाहिलेलं नाही. का? कारण लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं काही बिघडलेलंच नाही. त्याची भाषा त्या निरोप्याशिवाय उमटते. त्याला इनपुट मेथड ही जादा सोय वाटते, चैनीची. आपल्याला ती पाटी-पेन्सिल आहे.

यातून होणारं नुकसान नुसतं गैरसोयीचं नसतं. मराठी उमटत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? कुठलीतरी टायपिंगची वेबसाइट उघडतो, तिथं मजकूर लिहितो, आणि कॉपी करून इकडं चिकटवतो. अर्ज असेल, तक्रार असेल, कुणाच्या आजारपणाची माहिती असेल, ती आधी एका परक्या पानावर टाइप होते. संगणकातल्या संगणकात दोन प्रोग्रॅमचं बोलणं नीट जुळवलं असतं तर जो मजकूर घराबाहेर जायचं कारण नव्हतं, तो बाहेर जातो. आणि ज्याला हा खटाटोप नको, तो नाव इंग्रजीत टाकून मोकळा होतो. मग यादीत एकाच माणसाचं नाव तीन स्पेलिंगनं पडतं, आणि शोधायला गेलं की सापडत नाही.

इथं मला आपल्या धरणाचं उदाहरण घ्यायचंय. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण, त्याला सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ३४७.५० फुटांच्या पातळीला आलं की दरवाजे आपोआप उघडायला लागतात. त्यासाठी कोल्हापूरहून फोन लागावा लागत नाही, वीज असावी लागत नाही, कुणी बटण दाबावं लागत नाही. जे काम कुठल्याही परिस्थितीत झालंच पाहिजे, ते निरोपावर अवलंबून ठेवलेलं नाही. ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी, की दरवाजा उघडला की निरोप जातो. कुठल्या क्रमांकाचा उघडला, त्यातून किती क्युसेक पाणी सुटलं, हे भोगावतीच्या काठच्या गावांना कळवलं जातं, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून येतं. म्हणजे काम निरोपावाचून होतं, पण झालेलं काम गुपचूप राहत नाही. मी ज्या सॉफ्टवेअरवर टीका करतोय त्यात नेमकं उलटं आहे. काम निरोपावर टांगलेलं, आणि बिघाड गुपचूप.

उदाहरण कुठवर न्यायचं यालाही मर्यादा आहे. फोनेटिक टायपिंग निरोपाशिवाय करता येणार नाही, हे मान्य. पण पडती बाजू तर ठेवता येईल? ती आहेसुद्धा, आणि फार थोड्यांना माहीत आहे. लिनक्सच्या कीबोर्डच्या मूळ तक्त्यांमध्ये, ज्याला एक्सकेबी म्हणतात, देवनागरीचा इनस्क्रिप्ट तक्ता आहे. ‘कगप’ नावाचा मराठी फोनेटिक तक्ताही आहे. या तक्त्यांना कुठलंही इंजिन लागत नाही, आयबसकडे हेलपाटा नाही. बटणाचा क्रमांक आला, तक्त्यात बघितलं, अक्षर दिलं. इंग्रजीसारखंच. उणीव एवढीच, की या तक्त्यात एका बटणाला एकच चिन्ह देता येतं. क्ष म्हणजे युनिकोडमध्ये क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं. इनस्क्रिप्टच्या आराखड्यात क्ष, ज्ञ, त्र, श्र यांना स्वतःची बटणं आहेत, पण इथं ती चालत नाहीत. तीन बटणं दाबून क्ष करावा लागतो. ठीक आहे. थोडं कमी मिळतं, पण तुटत नाही. धरणाच्या दरवाजाशी नातं असेल तर ते या तक्त्याचं.

मग अपेक्षा काय? प्रोग्रॅमनं इंजिन गाठता येत नाही असं दिसलं, तर वापरणाऱ्याला तसं सांगावं आणि साधा तक्ता पुढं करावा. या दोन्ही गोष्टी आज तंत्राच्या दृष्टीनं शक्य आहेत. त्या होत नाहीत, कारण त्या कुणाच्या यादीत नाहीत.

डिपेंडन्सी हाताळायच्या दोन प्रामाणिक पद्धती मी पाहिल्यात, आणि दोन्ही केडीईच्या घरातल्या आहेत. केडीई कनेक्ट हा फोन आणि संगणक जोडणारा प्रोग्रॅम. तो विंडोजवर आणि मॅकवर नेताना त्यांनी डी-बसचा निरोप्याच सोबत नेला. तिथं पोस्ट ऑफिस नाही ना, मग आम्ही आमचा पोस्टमन घेऊन येतो. जड आहे, परक्या गावात थोडं विचित्रही दिसतं, पण काय लागतं ते स्पष्ट आहे. उलट केट या त्यांच्या एडिटरला डी-बस एका किरकोळ कामासाठी लागायची. प्रोग्रॅम आधीच उघडा असेल तर दुसरी फाइल त्याच खिडकीत उघडायची, एवढ्यासाठी. तिथं त्यांनी विंडोज आणि मॅकवर डी-बस सोडून दुसरा छोटा मार्ग वापरला. म्हणजे ज्याचा जीव निरोपांवर आहे त्यानं निरोप्या सोबत न्यावा. ज्याला तो एका कामापुरता लागतो त्यानं ते काम दुसऱ्या वाटेनं करावं. दोन्हीत आधी एक प्रश्न विचारला गेला: हे तुटलं तर माझ्या वापरणाऱ्याचं काय जातं? मराठी टायपिंगच्या बाबतीत हा प्रश्न विचारलाच जात नाही, एवढंच माझं म्हणणं.

माझं बोलणं इथं थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.

श्रोता: सर, मग आमचं फाँटवालंच बरं की. श्रीलिपीत तीस वर्षं काम केलं, असला त्रास कधी नाही बघितला.

वक्ता: तुमचा अनुभव खरा आहे, आणि त्याचं कारणही आजच्या विषयातच आहे. जुन्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. प्रोग्रॅमला वाटायचं तो इंग्रजीच लिहितोय. त्यामुळं दोन प्रोग्रॅमच्या बोलण्यावर फारसं काही अवलंबून नव्हतं, मग तुटणार काय? पण त्याची किंमत अशी, की तो फाँट काढला की मागं अर्थहीन इंग्रजी अक्षरं उरतात. तुमच्या तीस वर्षांच्या कामात आज एखादं गाव, एखादं आडनाव शोधायचं झालं तर संगणकाला ते सापडत नाही. डिपेंडन्सी गेली नाही हो, ती टायपिंगमधून निघून वाचण्यात गेली. आणि एक सांगतो, श्रीलिपीवाल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनंच मूळ लोहित फाँट घडवले. रेड हॅटनं ते पुढं सर्वांना खुले केले. म्हणजे युनिकोडची वाटही आपल्याच माणसांनी बांधलीय.

श्रोता: विंडोजवर हे काही होत नाही. मग लिनक्सचा आग्रह कशाला धरायचा?

वक्ता: आग्रह धरत नाही. विंडोजवर मराठीचा जो साधा कीबोर्ड आहे तो तक्त्यावर चालतो, आणि तिथल्या तक्त्यात एका बटणाला एकाहून जास्त चिन्हं देता येतात. म्हणून क्ष एका बटणात येतो. हे विंडोजचं चांगलं आहे, मोकळेपणानं म्हणू. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिकही आतच मिळतं. पण त्याआधी कित्येक जण गूगलच्या इनपुट टूल्सवर होते, आणि गूगलनं विंडोजसाठीचं ते डाउनलोड बंद केलं. तिथं निरोप तुटला नाही, निरोप्याच नोकरी सोडून गेला. म्हणजे अवलंबून राहण्याचा प्रश्न सगळीकडे आहे. लिनक्सवर तो उघड्यावर पडलेला दिसतो, आणि दुरुस्त करायचा म्हटलं तर हात घालता येतो.

श्रोता: मी कॉलेजला आहे. छोटं डेस्कटॉप ॲप करतोय, क्यूटीमध्येच. आमच्या बचतगटाच्या हिशेबासाठी. मी नेमकं काय तपासू?

वक्ता: चार गोष्टी तपास. एक, तुझं गाठोडं तुझ्या संगणकावर नको, दुसऱ्या कोऱ्या संगणकावर नेऊन उघड आणि पहिलं नाव मराठीत टाइप कर. इंग्रजीत टाइप करून ‘चाललं’ म्हणू नकोस. दोन, ॲप चालू असताना आयबस मुद्दाम बंद कर. ॲप गोठतं का, दाबलेली बटणं हरवतात का, आणि आयबस पुन्हा सुरू केल्यावर ॲप बंद न करता मराठी परत येते का, ते बघ. तीन, आयबस सापडलं नाही तर खाली एक ओळ दाखव: ‘मराठी इंजिनशी संपर्क नाही, साधा कीबोर्ड वापरा.’ ती ओळ मराठीत लिही. चार, तुझ्या ॲपला काय काय लागतं याची यादी सोबतच्या माहितीत दे आणि तिच्यात डी-बस आणि आयबसचा तुकडा नावानिशी लिही. उद्या तुझ्यानंतर जो कुणी हे ॲप बांधेल, तो ‘एक डिपेंडन्सी कमी’ म्हणून हात घालायला जाईल. त्याला ती काढण्याआधी कळलं पाहिजे, की त्यावर बचतगटातल्या बायकांची नावं उभी आहेत.